माहिती समाजाचा सिद्धांत निवडताना: बेल, शिलर, कास्टेल्स की बेनिगर?

प्रबंधाचा विषय ठरलेला असतो आणि सिद्धांत मिळत नसतो, अशा अवस्थेत बरेच विद्यार्थी भेटायला येतात. विषय चांगले असतात. कुणी गावातल्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर काम करतंय, कुणी बाजारभावाच्या एसएमएसवर, कुणी केबलवाल्यांवर. गाडी अडते ती 'सैद्धांतिक चौकट' या मथळ्याखाली. मग ग्रंथालयात जे पुस्तक हाताशी लागतं ते घेतलं जातं, आणि बहुधा ते समाजशास्त्रज्ञ कास्टेल्सचं असतं. दुसऱ्या प्रकरणात त्याच्यावर वीस पानं होतात. पुढच्या तीन प्रकरणांत तो एकदाही दिसत नाही, कारण गोळा केलेल्या माहितीशी त्याचं काही नातंच जुळलेलं नसतं.

हा आढावा अशा अडलेल्या माणसासाठी आहे. माहिती समाज म्हणजे असा समाज, जिथे कामाचा, पैशाचा आणि सत्तेचा मुख्य आधार माहिती हाच असतो असं म्हटलं जातं. माझं म्हणणं आधीच सांगून टाकते. माहिती समाजाचा प्रत्येक मोठा सिद्धांत एखाद्या यंत्राकडे बघत लिहिला गेला आहे. अमेरिकन समाजशास्त्रज्ञ डॅनियल बेलसमोर मेनफ्रेम, म्हणजे खोलीभर मोठा संगणक होता, माध्यम अभ्यासक हर्बर्ट शिलरसमोर उपग्रह आणि टीव्ही, मॅन्युएल कास्टेल्ससमोर इंटरनेट. समाजशास्त्रज्ञ जेम्स बेनिगर मागे वळून रेल्वे आणि तारयंत्राकडे बघत होता. म्हणून निवड करताना मी एकच परीक्षा लावायला सांगते: त्या सिद्धांतातून त्याचं यंत्र काढून घ्या आणि मागे काय उरतं ते बघा. जे उरतं तेच तुमच्या कामाचं, कारण तुमच्या गावातलं यंत्र वेगळं आहे.

यंत्राचा एवढा प्रभाव असतो यावर विश्वास बसत नसेल, तर अमेरिकन अभ्यासक शोशाना झुबॉफ यांची दोन पुस्तकं शेजारी ठेवून बघा. 'इन द एज ऑफ द स्मार्ट मशीन' हे १९८८चं. त्यासाठी त्या अमेरिकेतल्या कागदाच्या लगद्याच्या गिरण्यांत गेल्या होत्या. जुने कामगार लगदा हाताने चाचपून ओळखायचे. संगणक आला आणि तेच कामगार नियंत्रण कक्षात बसून पडद्यावरचे आकडे वाचू लागले. झुबॉफ यांनी हेरलं की हे यंत्र माणसाचं काम आपल्याकडे घेतं, शिवाय त्या कामाची माहितीही तयार करतं. ती माहिती कामगारापर्यंत पोचली तर त्याची समज आणि बळ वाढतं. फक्त वरच्या साहेबापर्यंत पोचली तर नजर वाढते. दोन्ही वाटा त्यांनी उघड्या ठेवल्या होत्या. २०१९ मध्ये त्यांचं 'द एज ऑफ सर्व्हेलन्स कॅपिटलिझम' इंग्रजीत आलं. आता यंत्र होतं शोधयंत्र आणि खिशातला फोन. आपण शोधताना, चालताना, थांबताना मागे सोडलेल्या खुणा गोळा करायच्या, त्यावरून पुढचं वागणं ताडायचं आणि तो अंदाज जाहिरातदाराला विकायचा, हा धंदा त्यांनी गूगलच्या सुरुवातीच्या वर्षांपासून उलगडून दाखवला. लेखिका तीच, प्रश्नही तोच: माहिती कुणाकडे जाते? पण एकतीस वर्षांत यंत्र बदललं आणि उघडी ठेवलेली एक वाट जवळपास बंद झाली.

आता बेल आणि शिलर. ही जोडी एकत्रच वाचावी. दोघेही १९१९ साली न्यूयॉर्कमध्ये जन्मले आणि दोघेही तिथल्याच सिटी कॉलेजात शिकले. एकच शहर, एकच पिढी, आणि निष्कर्ष एकमेकांच्या पाठीला पाठ लावून बसलेले.

बेलचं 'द कमिंग ऑफ पोस्ट-इंडस्ट्रियल सोसायटी' १९७३चं. १९५६ साली अमेरिकेत पांढरपेशा नोकऱ्या करणाऱ्यांची संख्या कारखान्यातल्या कामगारांपेक्षा जास्त झाली, या घटनेला तो फार महत्त्व देतो. त्याच्या मते समाज तीन टप्प्यांतून जातो. आधी निसर्गाशी झगडा, मग यंत्राशी, आणि शेवटी माणसाचा माणसाशी व्यवहार. या शेवटच्या टप्प्यात सैद्धांतिक ज्ञान हाच समाजाचा कणा होतो आणि अंदाजपंचे निर्णयांची जागा गणिती नियम घेतात. वाचताना डोळ्यासमोर वातानुकूलित खोलीतला मोठा संगणक उभा राहतो: मध्यभागी एक यंत्र, भोवती शिकलेली माणसं, आणि बाहेरचं जग त्यांच्याकडे उत्तरं मागायला येतंय. आयबीएमची सिस्टिम/३६० ही संगणकांची मालिका १९६४ साली जाहीर झाली होती. विद्यापीठं, बँका, सरकारी खाती यांचा कारभार अशा यंत्रांवर चढत होता, त्याच काळात हा विचार घडला. पुढे १९७९ मध्ये संगणक आणि दूरसंचार एकत्र येताना दिसले तेव्हा त्याने स्वतःच 'माहिती समाज' हा शब्द उचलला आणि मांडणी त्याप्रमाणे वळवली. यंत्र बदललं, सिद्धांताचं नाव बदललं.

मेनफ्रेम काढून घेतला तर बेलचं काय उरतं? नोकऱ्यांची मोजणी उरते, आणि ती निरुपयोगी मुळीच नाही. पण भारतात ती मोजणी लावताना पायऱ्याच जुळत नाहीत. आपल्याकडे उत्पन्नातला निम्म्याच्या आसपास वाटा सेवांचा आहे, आणि तरी ४० टक्क्यांहून जास्त माणसं शेतीत काम करतात. मधली कारखान्यांची पायरी बेलला हवी तशी भरलीच नाही. शिवाय 'सेवा' हा डबा फार मोठा आहे. हिंजवडीच्या आयटी पार्कमधला प्रोग्रॅमर आणि त्याच इमारतीच्या फाटकावर बारा तास उभा असलेला सुरक्षारक्षक, दोघेही सेवा क्षेत्रातले. त्यांना एका रकान्यात टाकून 'ज्ञानाधारित समाज आला' असं म्हणणं मला पटत नाही. आकड्यांबद्दलही थोडं जपून. अर्थतज्ज्ञ फ्रित्झ माखलुपने १९६२ मध्ये दाखवलं की १९५८ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय उत्पन्नात ज्ञान-उद्योगांचा वाटा सुमारे २९ टक्के होता. संशोधक मार्क पोरॅटने १९७७ मध्ये १९६७ सालासाठी तो सुमारे ४६ टक्के काढला. प्रबंधांत हे दोन आकडे एकाखाली एक लिहून नऊ वर्षांत केवढी उडी झाली असं दाखवलं जातं. पण दोघांनी मोजलेल्या गोष्टीच वेगळ्या होत्या. पोरॅटने कारखान्यांच्या आत चालणारं कारकुनी आणि नियोजनाचं कामही वेगळं काढून त्यात धरलं होतं.

शिलरला या मोजणीत रसच नव्हता. दुसऱ्या महायुद्धानंतर त्याने जर्मनीत अमेरिकन लष्करी प्रशासनात नोकरी केली होती, आणि जिंकलेल्या देशाची घडी कशी बसवली जाते हे जवळून पाहिलं होतं. १९६९ च्या 'मास कम्युनिकेशन्स अँड अमेरिकन एम्पायर' मध्ये त्याच्यासमोर उपग्रह होता. १९६२ मध्ये अमेरिकेने दळणवळण उपग्रहांचा कायदा केला, १९६४ मध्ये इंटेलसॅट ही अनेक देशांची उपग्रह संस्था उभी राहिली आणि तिच्यात सगळ्यात मोठा वाटा अमेरिकेचा होता. शिलर विचारतो: हे कुणी बांधलं, पैसा कुणाचा, नफा कुणाला, आणि कुणाला यात जागाच नाही? त्याच्या लेखी माहिती समाज नावाचं काही नवीन उगवलेलं नाही. जुनीच भांडवलशाही नवी तार ओढतेय.

हा प्रश्न आपल्यासाठी परका नाही. १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ या वर्षात भारतात साइट, म्हणजे उपग्रहावरून शिक्षण देणाऱ्या टीव्हीचा, प्रयोग झाला. सहा राज्यांतल्या सुमारे २४०० गावांत सामुदायिक टीव्ही संच बसवले आणि शेती, आरोग्य, शाळा यांचे कार्यक्रम थेट उपग्रहावरून दाखवले. कार्यक्रम आपले, अभियंते आपले, गावं आपली. उपग्रह मात्र एटीएस-६, नासाचा, एका वर्षासाठी मिळालेला. वर्ष संपलं, उपग्रह गेला. बेलच्या चष्म्यातून पाहिलं तर साइट म्हणजे ज्ञानाचा प्रसार. शिलरच्या चष्म्यातून पाहिलं तर पहिली नोंद उपग्रहाच्या मालकीची. मला वाटतं दोन्ही खरं आहे, पण ३१ जुलैनंतर त्या गावांत काय झालं हे समजून घ्यायला दुसरा चष्माच उपयोगी पडतो. १९८० मध्ये युनेस्कोचा मॅकब्राइड अहवाल आला. तो लिहिणाऱ्या आयोगावर भारताचे पत्रकार बी. जी. वर्गीज होते. जगातल्या बातम्यांचा आणि माहितीचा ओघ एकाच दिशेने का वाहतो, हा त्यातला कळीचा मुद्दा होता. युनेस्कोतल्या अशा वादांमुळे रागावलेली अमेरिका १९८४ च्या अखेरीस युनेस्कोतून बाहेर पडली.

शिलरमध्येही दोन गोष्टी सुट्या करून घ्याव्या लागतात. त्याचा एक दावा असा की अमेरिकन कार्यक्रम जगाची संस्कृती धुऊन काढतील. आपल्याकडे १९९१ नंतर उपग्रह वाहिन्या आल्या तेव्हा हीच भीती सगळीकडे बोलली जात होती. घडलं वेगळंच. लोकांनी आपापल्या भाषेतल्या मालिका मागितल्या. १९९९ मध्ये अल्फा मराठी आली, पुढच्याच वर्षी ईटीव्ही मराठी आली, आणि संध्याकाळ त्यांनी घेतली. म्हणजे शिलरचा हा दावा जसाच्या तसा टिकला नाही. दुसरा दावा मालकीचा, आणि तो उपग्रह काढून घेतला तरी जागचा हलत नाही. मालिका मराठीच असते, पण वाहिनीचा मालक कोण, जाहिरात कुणाची, कोणत्या प्रेक्षकाची आवड मोजली जाते आणि कुणाची मोजलीच जात नाही, हे प्रश्न तसेच उभे राहतात. प्रबंधात शिलर वापरायचा तर हा दुसरा शिलर वापरा.

कास्टेल्सकडे जायला मी थोडा वेळ घेते, कारण तो सगळ्यात जास्त वापरला जातो आणि सगळ्यात कमी वाचला जातो. त्याचा जन्म स्पेनमधला, १९४२ सालचा. हुकूमशहा फ्रँकोच्या राजवटीतून तरुणपणीच तो पॅरिसला निघून गेला, १९६८ च्या आंदोलनांच्या धामधुमीत फ्रान्सनेही त्याला बाहेर काढलं, आणि पुढे तो कॅलिफोर्नियात बर्कलीला शिकवू लागला. सिलिकॉन व्हॅली तिथून जवळच. माहिती युगावरच्या त्याच्या ग्रंथाचे तीन खंड १९९६ ते १९९८ या काळात आले. पहिला 'द राइज ऑफ द नेटवर्क सोसायटी' सगळे उद्धृत करतात. त्यातली मध्यवर्ती कल्पना अशी की समाजाची रचना आता जाळ्यांची झाली आहे. पैसा, निर्णय, प्रतिमा या गोष्टी प्रवाहांच्या अवकाशात, म्हणजे ठिकाणांना न जुमानता जाळ्यांतून फिरतात आणि माणसं मात्र आपल्या ठिकाणीच जगत राहतात. जाळ्याचा नियम कठोर आहे: उपयोगाचा बिंदू आत, बिनउपयोगाचा बाहेर. इथे एक सांगून ठेवायला हवं, नेटवर्क समाजावरचं यान व्हान डाइकचं डच पुस्तक १९९१ चं, म्हणजे कास्टेल्सच्या आधीचं. 'ही कल्पना प्रथम कास्टेल्सने मांडली' हे वाक्य लिहू नका.

पहिल्या खंडातला मला सगळ्यात मोलाचा वाटलेला भाग फ्रान्सच्या मिनिटेलबद्दलचा, म्हणजे टेलिफोनच्या तारेवरून घरातल्या पडद्यावर चालणाऱ्या सेवेबद्दलचा आहे. १९७८ मध्ये सिमों नोरा आणि आलें मिंक यांनी फ्रान्सच्या राष्ट्राध्यक्षांना समाजाच्या संगणकीकरणावर अहवाल दिला. त्याच काळात सरकारच्या दूरसंचार खात्याने मिनिटेलची आखणी केली आणि १९८२ पासून देशभर टर्मिनल, म्हणजे पडदा आणि कळफलक असलेली छोटी यंत्रं, वाटायला सुरुवात केली, तीही टेलिफोन डिरेक्टरीच्या बदल्यात फुकट. लोक त्यावर रेल्वेची तिकिटं काढायचे, बँकेचे व्यवहार करायचे, अनोळखी माणसांशी गप्पा मारायचे. वेब जन्मायच्या कितीतरी आधी हे चाललं होतं. पण मिनिटेलची घडण वरून खाली होती, एका देशाच्या टेलिफोन खात्याभोवतीची. १९६९ मध्ये अमेरिकेत सुरू झालेलं अर्पानेट, म्हणजे इंटरनेटचा पूर्वज, वेगळ्या तत्त्वावर होतं. संदेशाचे तुकडे करायचे आणि जमेल त्या वाटेने पाठवायचे, मध्यभागी एक केंद्र नाही. अखेर इंटरनेटने मिनिटेलला मागे टाकलं आणि ३० जून २०१२ रोजी मिनिटेल बंद झालं. एकाच काळातली दोन तंत्रं, आणि प्रत्येकातून निघणारी समाजाची कल्पना वेगळी. नोरा-मिंक यांच्या माहिती समाजात मध्यभागी सरकार आहे, कास्टेल्सच्या माहिती समाजात मध्यभागी कुणीच नाही.

आणि नेमका तिथेच कास्टेल्स भारतात अडखळतो. ऑगस्ट २०१९ मध्ये काश्मीरमधलं इंटरनेट बंद झालं आणि ४जी पूर्णपणे परत यायला फेब्रुवारी २०२१ उजाडलं. जानेवारी २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अनुराधा भसीन खटल्यात अनिश्चित काळासाठी इंटरनेट बंद ठेवता येणार नाही असं सांगितलं. जाळ्याला केंद्र नसेलही, पण कळ असते आणि ती दाबणारा हात असतो. कास्टेल्सला हे नंतर उमगलेलं दिसतं. २००९ च्या 'कम्युनिकेशन पॉवर' मध्ये तो जाळी आखणारे आणि जाळी एकमेकांना जोडणारे-तोडणारे अशा दोन प्रकारच्या सत्तेबद्दल बोलतो. तोवर व्हिडिओ आणि मोबाइल फोन सर्वत्र झाले होते, आणि माणूस स्वतःच हजारोंशी बोलू शकतो ही नवी गोष्ट त्याने त्याच पुस्तकात नोंदवली. म्हणून फोनवर काम करत असाल तर १९९६ चा कास्टेल्स घेऊ नका, २००९ चा घ्या. आणि वंचित वस्त्यांवर, गावांवर काम असेल तर तिसरा खंड 'एंड ऑफ मिलेनियम' उघडा. जाळ्याबाहेर फेकल्या गेलेल्या जगाचं जे चित्र त्यात आहे, ते इंटरनेट बाजूला काढलं तरी खरंच राहतं.

बेनिगर आपल्याकडे फारसा कुणी वाचत नाही, याची मला मनापासून हळहळ वाटते. 'द कंट्रोल रिव्होल्यूशन' १९८६ चं. तो म्हणतो, माहिती समाजाची मुळं संगणकात शोधू नका, एकोणिसाव्या शतकातल्या वाफेच्या इंजिनात शोधा. वाफेमुळे माल आणि माणसं इतक्या वेगाने फिरायला लागली की जुन्या पद्धतीने त्यांच्यावर लक्ष ठेवणं अशक्य झालं. १८४१ मध्ये मॅसॅच्युसेट्समधल्या वेस्टर्न रेलरोडवर एकेरी रुळावरून येणाऱ्या दोन गाड्या समोरासमोर धडकल्या. त्यानंतर त्या कंपनीने घड्याळं जुळवली, वेळापत्रकं कडक केली, जबाबदाऱ्यांची उतरंड कागदावर आखली. मग तार आली, कारकुनी आली, छापील फॉर्म आले, १८९० च्या अमेरिकन जनगणनेत हॉलरिथची छिद्रांची कार्डं आली, ज्यांवरची माहिती यंत्राने मोजता यायची. बेनिगर याला नियंत्रणाचा पेच म्हणतो: वस्तू वेगाने धावू लागल्या की त्यांच्यामागे माहितीला धावावं लागतं. यातून रेल्वे काढून घ्या, पेच तसाच राहतो. माझ्या परीक्षेत हा सिद्धांत म्हणूनच सगळ्यात पुढे आहे.

त्याच्या शेजारी अमेरिकन माध्यम अभ्यासक जेम्स कॅरीचा १९८३ चा तारयंत्रावरचा निबंध ठेवा. कॅरी कॅनडाच्या हॅरल्ड इनिसच्या विचारपरंपरेतला. इनिसने १९५० च्या सुमारास सांगितलं होतं की दगड आणि माती काळावर पकड ठेवतात, म्हणजे त्यांच्यावरचं लिखाण टिकतं, तर पपायरस आणि कागद अंतरावर, म्हणजे त्यांच्यावरचं लिखाण दूर जातं. कॅरी म्हणतो, तारेने पहिल्यांदा संदेश आणि वाहतूक यांची ताटातूट केली. बातमी घोड्यापेक्षा, आगगाडीपेक्षा आधी पोचू लागली. त्यामुळे इथे स्वस्त घेऊन तिथे महाग विकायचा धंदा आटला आणि व्यापाऱ्यांची नजर जागेवरून काळाकडे वळली: पुढच्या महिन्याचा भाव काय असेल? वायदेबाजार हा त्या तारेचा परिणाम. हे वाचताना वऱ्हाड आठवल्याशिवाय राहत नाही. १८७० मध्ये खामगावच्या कापसाच्या पेठेला रेल्वे मिळाली. त्याच वर्षी मुंबई समुद्राखालच्या तारेने सुएझमार्गे इंग्लंडशी जोडली गेली. १८७५ मध्ये मुंबईत कॉटन ट्रेड असोसिएशन उभी राहिली. खामगावच्या शेतकऱ्याने न पाहिलेल्या इंग्लंडमधल्या लिव्हरपूलच्या बाजाराचा भाव त्याच्या कापसाला लागू लागला. माहिती समाज म्हणजे एकविसाव्या शतकातली गोष्ट असं वाटत असेल, तर हे एक प्रकरण डोक्यात ठेवावं.

कॅरीला आजचा जोडीदारही आहे. अर्थतज्ज्ञ रॉबर्ट जेन्सनने २००७ मध्ये केरळच्या मच्छीमारांचा अभ्यास छापला. १९९७ ते २००१ दरम्यान किनाऱ्यावर मोबाइल आले, होड्या समुद्रातूनच वेगवेगळ्या बाजारांना फोन करू लागल्या. बाजाराबाजारातला भावातला फरक जवळपास मिटला, मासे फेकून द्यायची वेळ टळली, मच्छीमारांचा नफा सुमारे ८ टक्के वाढला आणि गिऱ्हाइकाचा भाव सुमारे ४ टक्के उतरला. तारेचीच गोष्ट, लहान अंतरावर.

आता हे सगळे एका प्रत्यक्ष ठिकाणी लावून बघू. १९९८ मध्ये वारणानगरच्या सहकारी साखर कारखान्याच्या परिसरात, कोल्हापूर आणि सांगली जिल्ह्यांतल्या सुमारे ७० गावांत, 'वायर्ड व्हिलेज' प्रकल्प सुरू झाला. गावोगावी संगणक केंद्रं आली. स्वप्न मोठं होतं: शेतकऱ्याला पिकांची माहिती, बाजारभाव, सरकारी योजना, सगळं गावातच मिळावं. पुढे संशोधकांनी जाऊन पाहिलं तेव्हा केंद्रांवर प्रामुख्याने कारखान्याचंच काम चाललेलं होतं. ऊस नोंद, तोडणीचा कार्यक्रम, वजन, बिल. मग मायक्रोसॉफ्ट रिसर्चच्या लोकांनी २००६-०७ च्या सुमारास काही गावांत संगणकाऐवजी एसएमएसवर चालणारे साधे फोन लावून बघितले, आणि तेच काम फोनवर भागलं.

बेल लावलात तर हा प्रकल्प फसलेला दिसतो, कारण शेतकरी ज्ञानसमाजात गेला नाही. १९९६ चा कास्टेल्स लावलात तरी तेच: गावं जागतिक जाळ्याचे बिंदू झाली नाहीत. पण बेनिगर लावा आणि सगळं चित्र उलटं होतं. ऊस तोडला की त्यातली साखर उतरायला लागते, तो दिवसाभरात कारखान्याच्या गव्हाणीत, म्हणजे जिथून तो गाळपाला जातो तिथे, पडायला हवा. हजारो शेतकरी, प्रत्येकाच्या लागणीची तारीख वेगळी, तोडणाऱ्यांच्या टोळ्या मर्यादित, वाहनं मर्यादित. हा अस्सल नियंत्रणाचा पेच आहे, मॅसॅच्युसेट्सच्या रेल्वेसारखाच. संगणकाने तो सोडवायला मदत केली, आणि एसएमएस तेच काम करू शकतो म्हटल्यावर संगणकाची गरज उरली नाही. म्हणजे प्रकल्प फसला नाही. फसला तो त्याच्यावर लादलेला सिद्धांत.

तरी बेनिगर एकटा पुरत नाही. त्याच्या लेखी नियंत्रण ही व्यवस्थेची गरज असते. ते नियंत्रण कुणाचं कुणावर, हे तो फारसं विचारत नाही. इथे शिलर हवा. तोडीची पाळी कुणाची आधी लागते? आणि जे ऊस तोडतात त्यांची नोंद कशी होते? बीडसारख्या कोरडवाहू भागांतून येणारी नवरा-बायकोची जोडी तोडणीच्या हिशेबात 'एक कोयता' असते. दोन माणसं, एक नोंद. कारखान्याची माहिती व्यवस्था कितीही आधुनिक करा, कोयता एकच मोजला गेला तर बाई त्या माहितीत नाहीच. मला हा प्रश्न माहिती समाजाच्या कोणत्याही चर्चेपेक्षा मोठा वाटतो, आणि तो विचारायला शिलर शिकवतो.

बेल आणि शिलर मात्र एका चौकटीत बसवू नका. एकाचं गृहीतक असं की समाज मुळापासून बदलला, दुसऱ्याचं असं की तो मुळात बदललाच नाही. ब्रिटिश समाजशास्त्रज्ञ फ्रँक वेब्स्टरचं 'थिअरीज ऑफ द इन्फर्मेशन सोसायटी', १९९५ पासून चार आवृत्त्या निघालेलं, हे तंटे नीट मांडून दाखवतं. तंत्र, अर्थव्यवस्था, नोकऱ्या, अवकाश आणि संस्कृती अशा पाच निकषांवर लोक माहिती समाज कसा ठरवतात ते तो सांगतो आणि प्रत्येकावर शंकाही घेतो. नकाशा म्हणून ते घ्या. पण वेब्स्टरलाच सिद्धांत समजून प्रबंध उभा करू नका, नकाशावर घर बांधता येत नाही.

झुबॉफ यांचा मोह आज सगळ्यांना होतो. तुमचा विषय जाहिरात, अॅप, कर्जाची अॅप्स किंवा शाळांमधली शिकवणी अॅप्स असा असेल तर तो मोह रास्त आहे. आधारवर काम असेल तर जपून. पहिला आधार क्रमांक २९ सप्टेंबर २०१० रोजी नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभलीत दिला गेला. तिथे माहिती घेणारं सरकार होतं आणि बदल्यात देऊ केलेली गोष्ट होती ओळख आणि तिच्यामागून येणारं रेशन, बँक खातं, अनुदान. झुबॉफ यांचा सिद्धांत कंपनी आणि ग्राहक यांच्याबद्दल आहे. इथे बेनिगरची जनगणनेची कार्डं जास्त जवळची वाटतात, आणि त्याच्या जोडीला २०१७ चा सर्वोच्च न्यायालयाचा पुट्टस्वामी निकाल, ज्यात खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरला.

पुण्यातल्या आयटी नोकऱ्यांवर काम असेल तर बेल घ्या, पण सुरक्षारक्षकाला सोडू नका. स्थानिक वाहिन्या, केबल, युट्यूबवरचे बातमीवाले यांच्यासाठी मालकीचा शिलर. मोर्चे, आंदोलनं, परदेशातल्या मराठी मंडळांचे ग्रुप यांच्यासाठी २००९ चा कास्टेल्स. बाजार समिती, साखर, दूध, कापूस, मासे, असं जिथे नाशवंत माल आणि वेळ यांची गाठ आहे तिथे बेनिगर आणि कॅरी. हाताशी वेळ कमी असेल तर सुरुवात कॅरीच्या निबंधापासून करा. तो छोटा आहे, आणि तो वाचल्यावर बाकीचे कोणत्या यंत्राकडे बघून बोलतायत हे आपोआप दिसायला लागतं.

आणि सिनॉप्सिसमध्ये, म्हणजे प्रबंधाच्या आराखड्यात, लेखकाचं नाव लिहिण्याआधी एक परिच्छेद तुमच्या यंत्राबद्दल लिहून काढा. ते कुणाच्या मालकीचं आहे, त्याचं रिचार्ज कोण भरतं, ते कधी बंद पडतं, त्यात कुणाचं नाव येत नाही. सगळ्यात शेवटी, ते येण्याआधी तेच काम कोण आणि कशावर करत होतं हे शोधा. साखर कारखान्याच्या बाबतीत ते उत्तर गट ऑफिसातल्या नोंदवहीत सापडतं, शेतकऱ्याचं नाव, गट नंबर आणि लागणीच्या तारखेसकट.